दुसरं कोकरू

पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत झाला. चर्चा फेलोशिपच्या जागांची होती. मुलं चिडली, निषेध झाले, वाहिन्यांना दोन दिवसांचा मजकूर मिळाला, आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो सवाल गेलेला नाही. विचारण्याची रीत चुकीची होती. सरकारी पैशातून संशोधन होतं, त्यातून या मातीला काय मिळतं, हे विचारायचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे. प्रश्नाला उत्तरही आहे. ते शोधायला मुंबईत किंवा दिल्लीत जावं लागत नाही. फलटणला जावं लागतं.

फलटण, लोणंद, माण, खटाव हा दख्खनी मेंढीचा मुलूख. मेंढी चिवट. उन्हात चालते, कोरड्या रानावर जगते, कोकणात उतरलेल्या वाड्याबरोबर पावसाळ्याआधी घाट चढून परत येते. पण एका वेताला कोकरू एकच. धनगराच्या वाड्यात शंभर मेंढ्या असल्या तरी विकायला कोकरं शंभराच्या पुष्कळ आत. काही रोगानं जातात, काही लांडगा नेतो. लोकरीला भाव नाही. चराईची रानं वनखात्यानं, कारखान्यांनी आणि उसानं खाल्ली. कळप वाढवावा तर चारा कुठला? वाट एकच उरते. कळप तेवढाच राहावा, आणि मेंढीला एकाऐवजी दोन कोकरं व्हावीत.

हे लिहायला एक ओळ लागते. करायला दहा-पंधरा वर्षं लागली.

फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 साली सुरू केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. लोक तिला 'नारी' म्हणतात. 1990 च्या दशकात या संस्थेनं बंगालमधल्या सुंदरबनातून गरोल जातीच्या मेंढ्या आणल्या. गरोल दिसायला अगदी लहान, दलदलीत वाढणारी, अंगावर मांस बेताचं. पण तिला जुळी होतात, तिळीही होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालची मेंढरं जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेली होती. तिथल्या 'बुरूला' या मेरिनो मेंढ्यांत जुळ्यांचा जो गुण पुढे प्रसिद्ध झाला, त्याचं मूळ याच बंगाली मेंढरांत असावं, असा माग शास्त्रज्ञांनी लावला. त्या गुणामागे एकच जनुक आहे, त्याचं नाव फेक-बी. जनुकात नेमका बदल कुठे झाला आहे, हे 2001 साली कळलं.

आता फलटणमध्ये काय काय लागलं, ते पाहा. गरोल आणि दख्खनी यांचा संकर करायला पशुपैदाशीचं शास्त्र लागलं. कोणत्या कोकराच्या अंगात हा गुण उतरला आहे, हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी रक्ताचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेला आणि तिथल्या रेणूजीवशास्त्रज्ञांनी चाचणी बसवली. पिढ्यानपिढ्यांच्या नोंदींतून निवड करायला संख्याशास्त्र लागलं. दोन कोकरांना दूध पुरेल का, म्हणून आहारशास्त्र. दोन कोकरं झालेली मेंढी वाड्याबरोबर रोज कोसभर चालेल का, हे प्रयोगशाळेत कळत नाही, म्हणून मेंढ्या धनगरांच्या कळपांत सोडल्या आणि तिथल्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. जास्तीच्या कोकरातून खुराकाचा आणि औषधाचा खर्च वजा जाता घरात काय उरतं, हे काढायला अर्थशास्त्र. आणि धनगर बाईनं कोकरांना वाटीनं दूध पाजायला तयार व्हावं म्हणून जे लागतं, त्याला कोणत्याही विद्यापीठात विभाग नाही. तिच्या पालात बसावं लागतं, तिचं ऐकावं लागतं.

या कामाच्या मध्यभागी होत्या डॉ. चंदा निंबकर. त्यांची पीएचडी ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाची, विषय दख्खनी मेंढीची सुधारणा. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रानं प्रकल्पाला आधार दिला. प्रबंध तिकडच्या विद्यापीठात गेला, मेंढी इकडेच राहिली. तिचं नाव 'नारी सुवर्णा'. जनुकाची एक प्रत अंगात असलेल्या मेंढीला वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात, म्हणजे पुष्कळ मेंढ्यांना जुळी. दोन प्रती असल्या तर संख्या आणखी वाढते, पण तिळ्यांना पोसणं धनगराच्या वाड्याला झेपायचं नाही, म्हणून संशोधकांनी एकाच प्रतीवर भर दिला. मला या सगळ्यात हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. जास्तीत जास्त किती, हा प्रयोगशाळेचा प्रश्न. झेपेल इतकं किती, हा धनगराचा. संशोधनानं धनगराचा प्रश्न निवडला.

आणि दिव्यांचं विचारत होतात ना? अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातून यंत्र-अभियांत्रिकीत पीएचडी करून अनिल राजवंशी 1981 साली फलटणला आले आणि तिथेच राहिले. याच संस्थेत त्यांनी 'नूरी' नावाचा कंदील तयार केला, वीज न पोहोचलेल्या घरासाठी. पुढे उजेड आणि चूल दोन्ही देणारं उपकरण केलं. गोड ज्वारीपासून इथेनॉल काढण्याचं काम त्यांनी हाती घेतलं तेव्हा 'इथेनॉल' हा शब्द राजकारण्यांच्या भाषणात यायचा होता. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच संस्थेत, त्याच फ्लोरिडात शिकलेल्या नंदिनी निंबकरांनी करडईवर आयुष्य घालवलं. करडई काढणाऱ्या बाईचे हात काट्यांनी फाटतात. संस्थेनं बिनकाट्याचं वाण दिलं. ज्यानं करडई काढली आहे, त्याला हे संशोधन काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही.

अशा पीएचड्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत का होत नाहीत, हे मला विचारायचं आहे. होत नाहीत असं सरसकट म्हणणं अन्याय ठरेल. पण जी मुलं असं करू पाहतात, त्यांचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

अकोल्याकडचा एक मुलगा माझ्या ओळखीचा. खारपाण पट्ट्यातल्या गावचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेली ही सुमारे 900 गावं. वर काळीभोर जमीन, खाली खारं पाणी. विहीर खणली तर खारट, बोअर मारली तर आणखी खारट. ते पाणी पिकाला दिलं तर दोन-चार वर्षांत जमीन दगडासारखी होते. म्हणून शेजारी नदी असून शेती कोरडवाहू. पिण्याचं पाणी लांबच्या धरणातून नळानं येतं, तेही रोज नाही. मुतखड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी घराघरांत. या गावांत मुलगी द्यायला लोक मागेपुढे पाहतात, हे मी त्या मुलाच्याच आईच्या तोंडून ऐकलं.

मुलानं पीएचडीला विषय हाच निवडला. पाणी, जमीन, आजार आणि स्थलांतर यांचं एकत्र गणित मांडायचं, पाच गावं घ्यायची, शेततळ्यांनी काय फरक पडला ते मोजायचं. सिनॉप्सिस चांगली होती, मी वाचली. समितीपुढे तो उभा राहिला. त्याला सांगण्यात आलं की यातला पाण्याचा भाग आपल्या विभागात बसत नाही, आजाराचा भाग विद्याशाखेतच बसत नाही, तेव्हा विषय 'नेमका' करून आणा. तीन महिन्यांनी त्यानं नेमका करून आणला. आता तो एका तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या 'दृष्टिकोनाचा' अभ्यास करतो आहे. प्रश्नावली, शंभर उत्तरं, टक्केवारी, आलेख. प्रबंध होईल, पदवी मिळेल. पाणी खारंच राहील.

त्या समितीतल्या कोणाला मी वाईट म्हणत नाही. खोट रचनेतच आहे. खारपाण पट्ट्याची जमीन कळते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला, 1969 पासून ते तिथेच आहे. माणसांचं, गावांचं, अर्थकारणाचं संशोधन चालतं अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात. मूत्रपिंडाचा विषय वैद्यकाचा, आणि वैद्यकाचं विद्यापीठ नाशिकला. पाण्याच्या विहिरीनिहाय नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, ती शासनाचं खातं. एक विहीर, आणि तिची चार दप्तरं चार ठिकाणी. विहिरीजवळ राहणाऱ्या बाईला चारही गोष्टी एकाच घागरीत मिळतात.

कायदा आड येतो म्हणावं, तर तसंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएचडीची नवी नियमावली नोव्हेंबर 2022 मध्ये आली. विषय आंतरविद्याशाखीय असेल तर दुसऱ्या विभागाचा, दुसऱ्या महाविद्यालयाचा, अगदी दुसऱ्या विद्यापीठाचाही सह-मार्गदर्शक घेता येतो, असं त्यात लिहिलेलं आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही आयोगाची सक्तीही गेली. नोकरी करणाऱ्याला अर्धवेळ पीएचडीची मुभाही आहे. दार उघडं आहे. विद्यापीठांच्या समित्या अजून जुन्या कड्या लावून बसल्या आहेत, कारण दोन गाइड म्हटले की श्रेय कोणाचं, विद्यार्थी कोणाच्या नावावर मोजायचा, मूल्यांकनाचे गुण कोणाला, हे प्रश्न आधी उभे राहतात. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार, अशी विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. त्यातली एक जागा दुसऱ्याशी वाटून घ्यायला कोण तयार होईल? तयार व्हायचं कारणच आपण दिलेलं नाही.

नोकरीचं गाजर तर उलटच फिरलं. 2018 च्या नियमानं विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची ठरवली, अंमल पुढे ढकलला, आणि 2023 मध्ये सक्ती काढूनच टाकली. नेट किंवा सेट पुरे. त्या मधल्या वर्षांत किती मुलामुलींनी घाईघाईनं, मिळेल त्या गाइडकडे, मिळेल त्या टॉपिकवर नाव नोंदवलं, ते प्रत्येक विद्यापीठाच्या पीएचडी कक्षातल्या क्लार्कला विचारा. शोधगंगा हे प्रबंधांचं संकेतस्थळ उघडा आणि आपल्याच जिल्ह्याचं नाव घालून शोधा. प्रबंध सापडतात, पुष्कळ सापडतात. 'अमुक तालुक्यातील बचतगटांचा चिकित्सक अभ्यास', 'तमुक जिल्ह्यातील सिंचनाचे भौगोलिक अध्ययन'. त्यातला एखादा त्या तालुक्याच्या तहसीलदारानं, त्या बचतगटाच्या अध्यक्षबाईनं वाचला आहे का? विद्यापीठानं वाचायला दिला आहे का?

आणि विद्याशाखा ओलांडून संशोधन करणं म्हणे महाराष्ट्राला नवीन आहे, 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द परदेशातून आला. शब्द आला असेल. 1939 साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून उभं राहिलं, तेव्हा हसमुख सांकलिया पुरातत्त्वाचे आणि इरावती कर्वे मानवशास्त्राच्या. 1940 च्या दशकात गुजरातेत लांघणज इथे उत्खननात सांगाडे निघाले, त्यावर दोघांनी मिळून काम केलं. कोणी कोणाला 'हे आमच्या विभागात बसत नाही' म्हटलं नाही. इरावतीबाईंची पीएचडी बर्लिनची. वर ज्या चंदा निंबकर आल्या, त्या त्यांच्या नात, जाई निंबकरांच्या कन्या. तीन पिढ्यांत एक गोष्ट सारखी दिसते: प्रश्न जिथे नेईल तिथे जायचं. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या दामोदर कोसंबींनी 1944 साली जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र दिलं. आज जगभरचे आनुवंशशास्त्रज्ञ ते त्यांच्याच नावानं वापरतात. त्याच कोसंबींनी नाणी तोलली, शिलालेख वाचले, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर गारगोटीची सूक्ष्मास्त्रं वेचली. गोव्याच्या मातीतला हा माणूस आज आला असता, तर कोणत्या विद्याशाखेच्या समितीपुढे त्याला उभं केलं असतं?

मुंबईचंही उदाहरण आहे, आणि ते थेट पैशाचं आहे. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, ज्याला जुने लोक अजून 'यूडीसीटी' म्हणतात. आज ती माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था. सुरुवातीचे दोन विषय होते रासायनिक अभियांत्रिकी आणि वस्त्ररसायन. वस्त्ररसायन का? कारण गिरण्या समोर होत्या. शहराला जे लागत होतं, ते विभागानं शिकवलं आणि शोधलं. तिथे शिकलेल्या-शिकवलेल्या माणसांनी पुढे रंग, औषधं, कीटकनाशकं यांचे कारखाने काढले. केकी घरडा अमेरिकेतून पीएचडी करून आले, यूडीसीटीत शिकवत होते. पुढे त्यांनी स्वतःचा उद्योग उभा केला आणि तो डोंबिवलीपासून कोकणातल्या लोट्यापर्यंत पोहोचला. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातलं अंतर लोकलनं तासाभराचं होतं. या संस्थेनं 2018 मध्ये जालन्याला केंद्र काढलं, तेव्हा म्हणूनच मला आनंद झाला. जालना बियाण्यांचं आणि पोलादाचं गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी तिथे 1964 साली बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. तिथल्या मुलांनी वर्गात आणि कारखान्यात आळीपाळीनं शिकावं, ही कल्पना बरोबर आहे. ती पदव्युत्तर शिक्षणावर थांबू नये. मराठवाड्याच्या मोसंबीचं, सरकीचं, भंगारातून वितळणाऱ्या लोखंडाचं संशोधन जालन्यातच व्हावं, आणि त्यावर डॉक्टरेट मिळावी.

उद्योगात राहून डॉक्टरेट, ही गोष्ट फ्रान्सनं 1981 सालीच करून ठेवली. तिथे विद्यार्थ्याला कंपनी तीन वर्षांसाठी नोकरीवर घेते, पगार देते. सरकार कंपनीला त्यासाठी अनुदान देतं. प्रबंध मात्र सार्वजनिक प्रयोगशाळेत, विद्यापीठाच्या देखरेखीखाली होतो. डेन्मार्कची योजना त्याहून जुनी. आपल्याकडे 'पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिप' याच धर्तीवर निघाली, अर्धा भार उद्योगानं उचलायचा. चांगली योजना. पण तिचा लाभ घेणारा उद्योग मोठा असतो, त्याला दिल्लीचा पत्ता माहीत असतो. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला, सांगलीच्या बेदाणा शेडवाल्याला, सिंधुदुर्गातल्या काजू प्रक्रियेच्या छोट्या कारखान्याला पीएचडीचा विद्यार्थी ठेवता येतो, हे सांगायला कोणी गेलं आहे का? इचलकरंजीचं उदाहरण घ्या. यंत्रमागाच्या विजेचं बिल, सायझिंग आणि प्रोसेसिंगचं पंचगंगेत जाणारं सांडपाणी, मजुरीचा हिशोब आणि सुताचा रोज बदलणारा दर, हे सगळं एकाच कारखान्याच्या दारात उभं आहे. यातलं एकच निवडून त्यावर प्रबंध लिहिला, तर मालक तो वाचणार नाही, कामगारही नाही.

इथे एक भीती आहे, आणि ती मी लपवणार नाही. उद्योगाच्या पैशावर चालणारी पीएचडी उद्योगाची चाकर होऊ शकते. साखर कारखान्याच्या खर्चानं संशोधन करणाऱ्या मुलीला त्याच कारखान्याच्या मळीच्या पाण्यानं विहिरी बिघडल्याचं दिसलं, तर ते तिनं लिहायचं की नाही? लिहायचंच. म्हणून करार विद्यापीठानं करायचा, विद्यार्थ्यानं नाही. म्हणून पैसा मधल्या निधीतून यावा, मालकाच्या हातातून नाही. आणि म्हणूनच प्रबंध छापण्याचा हक्क कंपनीला रोखता येऊ नये.

दुसरी भीती मूलभूत विज्ञानाची. प्रत्येक संशोधनाकडे उपयोग मागायला लागलो, तर पदार्थविज्ञानाच्या, गणिताच्या, भाषेच्या संशोधकानं काय करायचं? त्यांना हात लावू नका. फेक-बी जनुकाचा माग निव्वळ कुतूहलानं काढणारे लोक नसते, तर फलटणला रक्ताची चाचणी बसली नसती. मी म्हणतो आहे ते इतकंच: ज्याला जिल्ह्याच्या प्रश्नावर काम करायचं आहे, त्याच्या वाटेतला दगड काढा.

तो काढता येतो, हे पवईत दिसलं आहे. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र 1985 पासून आहे, 'सितारा' या नावानं ओळखलं जातं. तिथे विद्यार्थी गावात राहायला जातात, आणि तिथे पीएचडीही होते. मिलिंद सोहोनी हे संगणकशास्त्रातले माणूस. केतन मुलमुले यांच्यासोबत त्यांनी गणिताच्या अतिशय अवघड प्रांतात काम केलं आहे. त्याच सोहोनींनी कर्जत तालुक्यातल्या पाड्यांची नळयोजना का आटते, हे विद्यार्थ्यांना शोधायला लावलं. टाकी किती उंचीवर आहे, वीज किती वेळ येते, पाइपची गळती किती, ग्रामपंचायतीकडे बिलाला पैसे आहेत का. पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, जागतिक बँकेच्या साह्यानं, 15 जिल्ह्यांतल्या पाच हजारांहून अधिक गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत याच संस्थेकडून आली. त्यात खारपाण पट्ट्यातली गावंही आहेत. माझ्या ओळखीच्या त्या मुलाचं गाव ज्या खोऱ्यात आहे, त्या खोऱ्याचं पाणी पवईत मोजता येतं, आणि त्याच्या स्वतःच्या विद्यापीठात ते 'विभागात बसत नाही'. याचा मला राग येतो.

राज्य सरकारनं 2016 मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाचा निर्णय काढला. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्हा प्रशासनाचे प्रश्न घ्यावेत, अशी ती कल्पना. निर्णय चांगला होता, अजूनही चांगला आहे. त्यात पीएचडीची कडी जोडा. जिल्हा नियोजन समितीकडे दरवर्षी निधी असतो. त्यातून जिल्ह्यामागे पाच फेलोशिप द्या. जेआरएफला आज महिन्याला 37 हजार मिळतात, तेवढेच द्या, आणि वेळेवर द्या. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्याच संस्थांच्या मुलांना फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसावं लागलं, ते पुन्हा होऊ देऊ नका. पोटाची चिंता असलेला विद्यार्थी धनगराच्या पालात चार महिने राहू शकत नाही.

आणि व्हायव्हाच्या दिवशी परीक्षकांच्या शेजारी एक खुर्ची आणखी ठेवा. मेंढीवरचा प्रबंध असेल तर तिथे धनगर बसेल, मागावरचा असेल तर जॉबर बसेल, पाण्यावरचा असेल तर नळयोजनेचा पाणीसोड्या बसेल. गुण देण्याचा अधिकार त्याला नको. प्रश्न विचारण्याचा हवा. मराठीत विचारलेला त्याचा प्रश्न ज्याला मराठीत सोडवून सांगता येत नाही, त्यानं आपलं काम पुरं झालं असं समजू नये.

कुलगुरूंना माझी विनंती मोठी नाही. पीएचडी प्रवेशाच्या येत्या पेट परीक्षेच्या जाहिरातीत विभागवार जागांच्या खाली एक रकाना घाला: 'जिल्ह्याचे प्रश्न, दोन मार्गदर्शक आवश्यक'. दहा जागा ठेवा. आणि त्या दोन मार्गदर्शकांना पूर्ण श्रेय द्या, अर्धं-अर्धं नको.

वाचकांना सांगणं वेगळं आहे. तुमच्या तालुक्यात असा एक प्रश्न नक्की आहे, जो चार कार्यालयांत फिरतो आणि कुठेच सुटत नाही. तो दहा ओळींत लिहा. कुठलं गाव, किती घरं, कधीपासून, आजवर कोण कोण येऊन बघून गेलं. जवळच्या विद्यापीठाच्या कुलसचिवांना स्पीड पोस्टानं पाठवा, एक प्रत इथे या सदराकडे पाठवा. जी पत्रं येतील ती मी छापीन, आणि विद्यापीठाचं उत्तर आलं की तेही छापीन. त्या मुलाच्या आईनं पहिलं पत्र लिहून दिलं आहे. पुढच्या आठवड्यात तेच छापतो आहे.